‘किंवा’ दिसलं म्हणून बेरीज करू नका: परस्पर अपवर्जी घटनांची संभाव्यता कशी काढायची

प्रश्न बारावीची आणि सीईटीची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा आहे. तिने तीन गणितं दिली आहेत. पहिल्यात दोन फासे टाकून बेरीज ७ किंवा ११ येण्याची संभाव्यता विचारली आहे. तिने ६/३६ + २/३६ = ८/३६, म्हणजे २/९ काढलं आणि ते बरोबर आलं. दुसऱ्यात तेच दोन फासे आहेत, पण विचारलंय ‘बेरीज ८ किंवा दोन्ही फाशांवर सारखा अंक’. तिने ५/३६ + ६/३६ = ११/३६ केलं, उत्तर मात्र ५/१८ छापलेलं आहे. तिसऱ्यात अ आणि ब या परस्पर अपवर्जी (म्हणजे एकत्र घडूच न शकणाऱ्या) घटनांची संभाव्यता ०.३ आणि ०.४ दिली आहे आणि ‘अ किंवा ब’ ची संभाव्यता विचारली आहे. दुसऱ्या गणितात ठेच लागल्यामुळे इथे तिने ०.३ × ०.४ = ०.१२ वजा केले आणि ०.५८ काढलं, तर उत्तर ०.७ निघालं. शेवटी ती विचारते, ‘किंवा असेल तर बेरीज, आणि असेल तर गुणाकार असं शिकले होते, मग नेमकं चुकतंय कुठे?’

तुमची आकडेमोड कुठेच चुकलेली नाही. गणितातला एखादा शब्द पाहून तुम्ही क्रिया ठरवता, ती पद्धतच दगा देते. ‘किंवा’ हा शब्द तीनही गणितांत आहे, तरी दुसऱ्यात काही वजा करावं लागतं आणि तिसऱ्यात काहीही वजा करायचं नाही. क्रिया ठरते ती दोन घटना एकमेकींशी कशा वागतात यावरून. म्हणून सूत्र बाजूला ठेवा आणि आधी एवढंच विचारा: एकाच वेळच्या प्रयोगात दोन्ही घटना घडवणारी एखादी निष्पत्ती (प्रयोगाचा एक संभाव्य निकाल) आहे का? अशी एक जरी सापडली तरी घटना परस्पर अपवर्जी नाहीत. एकही सापडत नसेल, तरच आहेत.

हे फाशांवर करून पाहा. दोन फाशांच्या एकूण निष्पत्ती ३६. बेरीज ७ देणाऱ्या सहा जोड्या आहेत आणि ११ देणाऱ्या दोन, म्हणजे (५,६) आणि (६,५). एकाच जोडीची बेरीज ७ ही आणि ११ ही असूच शकत नाही, म्हणून सरळ बेरीज. दुसऱ्या गणितात बेरीज ८ देणाऱ्या जोड्या (२,६), (३,५), (४,४), (५,३), (६,२) अशा पाच, आणि सारखे अंक असलेल्या जोड्या सहा. आता (४,४) शोधा. ती दोन्ही याद्यांत आहे. पाच अधिक सहा करताना ती दोनदा मोजली गेली, म्हणून एकदा काढून टाकायची: ५ + ६ − १ = १०, आणि १०/३६ = ५/१८. बहुपर्यायी प्रश्नात ११/३६ हा पर्यायही दिलेला असण्याची दाट शक्यता धरून चाला. अशा प्रश्नांतली सगळ्यांत नेहमीची चूक हीच आहे.

बेरजेचं सूत्र आणि वजाबाकी असलेलं सूत्र हे दोन वेगळे नियम आहेत असं समजू नका, मूळ नियम एकच आहे. १९३३ साली रशियन गणिती कोल्मोगोरोव्ह यांनी संभाव्यतेची मांडणी गृहीतकांवर उभी केली, तेव्हा त्यांतलं एक गृहीतक हेच होतं: परस्पर अपवर्जी घटनांच्या संभाव्यता मिळवता येतात. वजाबाकीचं सूत्र त्यातूनच येतं. ‘अ किंवा ब’ या घटनेचे दोन तुकडे करा: ‘अ घडली’ आणि ‘अ घडली नाही पण ब घडली’. हे तुकडे एकमेकांत मिसळत नाहीत, म्हणून त्यांची बेरीज बिनधास्त करा. दुसरा तुकडा म्हणजे सं(ब), म्हणजे ब ची संभाव्यता, यातून सं(अ आणि ब) वजा केलेलं. म्हणून सं(अ किंवा ब) = सं(अ) + सं(ब) − सं(अ आणि ब). घटना परस्पर अपवर्जी असतील तर शेवटचं पद शून्य होतं, एवढंच. ही पायरी समजली की पाठ करायला एकच सूत्र उरतं, आणि कुठल्याही गणितात आपण फक्त शेवटच्या पदाची किंमत शोधत असतो.

आता परिस्थितीवर काय अवलंबून असतं ते. ‘३ ने भाग जाणारी’ आणि ‘५ ने भाग जाणारी’ या घटना परस्पर अपवर्जी आहेत का, असं कोणी विचारलं तर उत्तर देता येणार नाही. संख्या कशातून निवडायची ते आधी कळायला हवं. १ ते १४ मधून एक संख्या निवडली तर ३, ६, ९, १२ आणि ५, १० अशा याद्या येतात. सामाईक काही नाही, म्हणून ४/१४ + २/१४ = ६/१४ = ३/७. तीच चिठ्ठ्यांची पेटी १५ पर्यंत वाढवा. आता १५ दोन्हीकडे येतो आणि ५ + ३ − १ = ७, म्हणजे ७/१५. एका चिठ्ठीने घटनांचं नातं बदललं. परस्पर अपवर्जी असणं हा नमुना अवकाशावर (सगळ्या शक्य निष्पत्तींच्या यादीवर) ठरणारा गुण आहे, वाक्यावर ठरणारा नाही. म्हणून नमुना अवकाश लिहिल्याशिवाय पुढे जायचं नाही.

दुसरं अवलंबून असतं ते ‘एकदा’ की ‘दोनदा’ यावर. पत्त्यांच्या ५२ च्या कॅटमधून एकच पत्ता ओढला, तर तो राजा आणि राणी दोन्ही असू शकत नाही: ४/५२ + ४/५२ = २/१३. तोच पत्ता राजा आणि बदाम मात्र असू शकतो, कारण बदामचा राजा आहे, म्हणून राजा किंवा बदाम येण्याची संभाव्यता १६/५२ = ४/१३. आता दोन पत्ते ओढा, पहिला परत न ठेवता. ‘पहिला राजा’ आणि ‘दुसरा राजा’ या घटना एकत्र घडू शकतात. निदान एक राजा येण्याची संभाव्यता काढताना ४/५२ + ४/५२ मधून (४/५२) × (३/५१) वजा करावं लागतं, उत्तर ३३/२२१. पडताळा घ्यायचा तर एकही राजा न येण्याची संभाव्यता (४८/५२) × (४७/५१) ही १ मधून वजा करा, पुन्हा ३३/२२१ च येईल. दोन पद्धतींनी एकच उत्तर आलं की मगच पान उलटावं.

इथे एक धोका जरा सविस्तर सांगतो, कारण घटना खरोखर परस्पर अपवर्जी असूनही उत्तर त्याने चुकतं. तीन फासे टाकले तर बेरीज ९ आणि बेरीज १० यांपैकी काय जास्त वेळा येईल? गॅलिलिओने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला याच प्रश्नाचं उत्तर लिहून ठेवलं आहे. बेरीज ९ सहा प्रकारे होते: १-२-६, १-३-५, १-४-४, २-२-५, २-३-४, ३-३-३. बेरीज १० सुद्धा सहाच प्रकारे: १-३-६, १-४-५, २-२-६, २-३-५, २-४-४, ३-३-४. हे प्रकार परस्पर अपवर्जी आहेत यात शंका नाही. मग दोन्ही बेरजा सारख्याच शक्य वाटतात, पण खेळणाऱ्यांना १० किंचित जास्त वेळा दिसत होतं. खेळणाऱ्यांचं निरीक्षण बरोबर होतं. प्रत्येक प्रकार सारखा वजनदार नसतो. तिन्ही अंक वेगळे असतील तर ते फाशांवर सहा तऱ्हांनी पडतात, दोन सारखे असतील तर तीन तऱ्हांनी आणि तिन्ही सारखे असतील तर एकाच तऱ्हेने. मग ९ साठी ६ + ६ + ३ + ३ + ६ + १ = २५ आणि १० साठी ६ + ६ + ३ + ६ + ३ + ३ = २७. एकूण २१६ निष्पत्तींपैकी २५ विरुद्ध २७. थोडक्यात, तुकडे एकमेकांत मिसळत नाहीत एवढं पाहून भागत नाही, प्रत्येक तुकड्याची संभाव्यता वेगळी काढूनच बेरीज करायची.

पिशवीतल्या चेंडूंच्या गणितात नेमकी हीच चूक होते. पिशवीत ५ तांबडे, ४ पांढरे, ३ निळे चेंडू आहेत आणि दोन काढले. एक तांबडा आणि एक पांढरा येण्याची संभाव्यता पुष्कळजण (५/१२) × (४/११) = २०/१३२ लिहून मोकळे होतात. ही फक्त ‘आधी तांबडा, मग पांढरा’ याची संभाव्यता झाली. ‘आधी पांढरा, मग तांबडा’ हा वेगळा, परस्पर अपवर्जी मार्ग आहे आणि त्याचेही २०/१३२ आहेत. बेरीज ४०/१३२ = १०/३३. दोन्ही चेंडू एकाच रंगाचे हवे असतील तर तीन मार्ग: तांबडे-तांबडे, पांढरे-पांढरे, निळे-निळे. निवडीच्या भाषेत ६६ पैकी १० + ६ + ३ = १९, म्हणजे १९/६६.

या गणितावरून ‘बेरीज कधी, गुणाकार कधी’ याचंही उत्तर मिळतं. एका मार्गावरचे एकामागून एक टप्पे गुणायचे आणि वेगवेगळे मार्ग मिळवायचे. एकाच गणितात दोन्ही क्रिया येतात, त्यांच्यातून एक निवडायची नसते. फक्त गुणाकार करताना दुसऱ्या टप्प्याची संभाव्यता पहिला टप्पा झाल्यानंतरची घ्यायची. वर ४/११ आलं ते त्यामुळेच.

याचा सगळ्यांत चांगला नमुना म्हणजे चार वेळा फासा टाकण्याचा जुना प्रश्न. एक फासा चारदा टाकला, तर निदान एकदा ६ येण्याची संभाव्यता किती? प्रत्येक वेळी १/६, म्हणून चारदा मिळून ४/६, असं मनात येतं. हे चूक आहे हे ओळखायला सूत्र लागत नाही. त्याच न्यायाने सहा वेळा टाकल्यावर संभाव्यता १ होईल, म्हणजे ६ यायलाच हवा, आणि सात वेळा टाकल्यावर ७/६, जी असूच शकत नाही. चूक कुठे? ‘पहिल्या खेपेला ६’ आणि ‘दुसऱ्या खेपेला ६’ या घटना परस्पर अपवर्जी नाहीत. त्या तशा करून घेता येतात, आणि ही युक्ती फार उपयोगी आहे: ‘पहिला ६ कितव्या खेपेला आला’ असे भाग करा. पहिल्याच खेपेला आला तर १/६. दुसऱ्या खेपेला पहिल्यांदा आला तर (५/६) × (१/६) = ५/३६. तिसऱ्या खेपेला २५/२१६, चौथ्या खेपेला १२५/१२९६. ‘पहिला ६’ एकाच खेपेला येऊ शकतो, म्हणून हे चारही भाग आता परस्पर अपवर्जी आहेत. समान छेद करून २१६ + १८० + १५० + १२५ = ६७१, म्हणून ६७१/१२९६, साधारण ०.५१८. पूरक घटनेने, म्हणजे ‘एकदाही ६ न येणं’ घेऊन, १ − (६२५/१२९६) केलं तरी हेच. १६५४ साली फ्रेंच गणिती पास्कालने फर्मा या दुसऱ्या गणितीला लिहिलेल्या पत्रात शेव्हालिए द मेरे या फ्रेंच सरदाराच्या नावाने ज्या कोड्याचा उल्लेख आहे, त्यात हेच चार वेळा टाकणं आहे. त्याच्या जोडीला दोन फासे २४ वेळा टाकून जोडीने ६-६ मिळवण्याचं गणित आहे. ते ०.५ च्या जरा खाली, सुमारे ०.४९१ वर राहतं. द मेरेला चार आणि चोवीसचं प्रमाण सारखं ठेवलं की फायदाही सारखा राहील असं वाटत होतं. सरळ बेरजेच्या हिशेबाने दोन्हीकडे २/३ च येतात, म्हणूनच तो हिशेब फसवा आहे.

आता तुमचं तिसरं गणित. ‘परस्पर अपवर्जी’ आणि ‘स्वतंत्र’ या दोन कल्पनांची तिथे गल्लत झाली आहे, आणि ही गल्लत मला बेरजेच्या चुकीपेक्षा जास्त काळजीची वाटते, कारण ती पुढे पदवीच्या वर्गापर्यंत पाठ सोडत नाही. परस्पर अपवर्जी म्हणजे एक घडली की दुसरी घडणं अशक्य. स्वतंत्र म्हणजे एक घडली तरी दुसरीच्या संभाव्यतेत काही फरक पडत नाही. आता विचार करा: अ घडल्याचं कळताच ब ची संभाव्यता ०.४ वरून थेट शून्यावर येत असेल, तर ब ही अ पासून स्वतंत्र कशी? उलट ती अ वर पूर्णपणे अवलंबून आहे. दोन्ही घटनांची संभाव्यता शून्याहून जास्त असेल तर त्या एकाच वेळी परस्पर अपवर्जी आणि स्वतंत्र असूच शकत नाहीत. ०.३ × ०.४ = ०.१२ हा सामाईक भाग फक्त स्वतंत्र घटनांचा. तुमच्या गणितात घटना परस्पर अपवर्जी म्हणून दिल्या होत्या, तेव्हा सामाईक भाग शून्य आणि उत्तर ०.७.

घटनांबद्दल काहीच सांगितलेलं नसेल तर? मग एक उत्तर निघत नाही, आणि तसं लिहिणंच बरोबर. ०.३ आणि ०.४ असताना ‘अ किंवा ब’ ची संभाव्यता कमीत कमी ०.४ (अ पूर्णपणे ब मध्ये सामावली असेल तर) आणि जास्तीत जास्त ०.७ (काहीच सामाईक नसेल तर). स्वतंत्र असतील तर मधलं ०.५८. दुसऱ्या टोकाची तपासणीही हाताशी ठेवा: सं(अ) = ०.६ आणि सं(ब) = ०.५ दिलं असेल, तर त्या परस्पर अपवर्जी आहेत असं कोणीही म्हटलं तरी मानू नका. बेरीज १.१ होते, म्हणजे सामाईक भाग निदान ०.१ आहेच.

पुस्तकाबाहेर हे कुठे लागतं, तर रक्तगटांत. एका माणसाचा गट ए, बी, एबी किंवा ओ यांपैकी एकच असतो. समजा एका गावात प्रमाण अनुक्रमे ०.२३, ०.३३, ०.०८ आणि ०.३६ आहे (आकडे फक्त उदाहरणासाठी घेतले आहेत, बेरीज १ होते हे पाहून). ए गटाच्या रुग्णाला लाल पेशी ए किंवा ओ गटाच्या चालतात, म्हणून सहज निवडलेला दाता या दृष्टीने जुळण्याची संभाव्यता ०.२३ + ०.३६ = ०.५९. पण प्रश्न प्रतिजनांवर (लाल पेशींवरच्या, गट ठरवणाऱ्या खुणांवर) नेला की चित्र पालटतं. ‘ए प्रतिजन आहे’ याची संभाव्यता ०.३१, ‘बी प्रतिजन आहे’ याची ०.४१. इथे सरळ बेरीज केली तर ०.७२ येतात आणि ते चूक आहे, कारण एबी गटाच्या माणसांत दोन्ही प्रतिजन असतात. ०.०८ वजा करा, ०.६४ येतात, आणि १ − ०.३६ ने पडताळा बसतो. ‘ओ गट’ आणि ‘आरएच पॉझिटिव्ह’ याही परस्पर अपवर्जी नाहीत. तिथे मात्र गुणाकार बराचसा योग्य ठरतो, कारण एबीओ गट ठरवणारं जनुक नवव्या गुणसूत्रावर आणि आरएचचं पहिल्या गुणसूत्रावर आहे. निरनिराळं प्रमाण असलेले समाजगट एकत्र मोजले तर हा गुणाकारही थोडा ढळतो.

वर्गवारी खरोखर सगळ्यांना सामावते का, हेही विचारायला हवं. १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी नोंदवलेला बॉम्बे रक्तगट नेहमीच्या ए-बी चाचणीत ओ सारखा दिसतो, पण त्या माणसाला ओ गटाचं रक्त चालत नाही. ओ गटाच्या पेशींवर असणारा एच प्रतिजन त्याच्या पेशींवर नसतोच. कागदावर चार कप्पे परस्पर अपवर्जी होते आणि बेरीजही १ होती, तरी ‘कोणतं रक्त चालेल’ या घटनेसाठी ते कप्पे पुरेसे नव्हते.

वारंवारता सारणीतही हे जपावं लागतं. १५०–१६० आणि १६०–१७० सेंमी असे वर्ग असतील तर १६० सेंमी उंचीचा विद्यार्थी दुसऱ्याच वर्गात मोजायचा, हा संकेत त्यासाठीच आहे. वाचनाच्या सर्वेक्षणात ‘लागू असतील ते सगळे पर्याय निवडा’ असं लिहिलेलं असेल तर टक्केवाऱ्यांची बेरीज १०० च्या वर जाऊ शकते. अशा टक्केवाऱ्या मिळवून ‘इतके लोक यांपैकी काहीतरी वाचतात’ असं विधान करता येत नाही.

घटना तीन असतील तर आणखी एक सापळा असतो. तिन्ही एकत्र घडू शकत नाहीत, एवढ्याने त्या परस्पर अपवर्जी ठरत नाहीत, प्रत्येक जोडी तपासावी लागते. एक फासा घ्या: अ म्हणजे १ किंवा २, ब म्हणजे २ किंवा ३, क म्हणजे ३ किंवा १. तिन्हींत सामाईक अंक एकही नाही. प्रत्येकीची संभाव्यता १/३, सरळ बेरीज १. पण तिन्ही मिळून फक्त १, २, ३ हे अंक येतात, म्हणजे खरी संभाव्यता १/२. प्रत्येक जोडीत एक अंक सामाईक असल्याने १/६ तीनदा वजा करावा लागतो. तीन घटनांत तीन जोड्या तपासायच्या, चार घटनांत सहा.

आणि परस्पर अपवर्जी म्हणजे पूरक नव्हे. फाशावर २ येणं आणि ५ येणं परस्पर अपवर्जी आहे, पण २ आला नाही म्हणून ५ आलाच असं होत नाही. १ मधून वजा करण्याची सोय फक्त पूरक घटनांसाठी आहे.

उत्तर लिहिताना एक सवय लावून घ्या. नमुना अवकाशातल्या निष्पत्तींची संख्या, अ आणि ब च्या याद्या (किंवा याद्या फार मोठ्या असतील तर संख्या), आणि मग वेगळ्या ओळीत अ ∩ ब, म्हणजे दोन्हींतला सामाईक भाग, काय आहे ते लिहा. तो रिकामा (∅) असेल तर ‘अ ∩ ब = ∅, म्हणून घटना परस्पर अपवर्जी’ असं कारणासह लिहा, नसेल तर त्यातली निष्पत्ती लिहा. ही ओळ लिहायला काही सेकंद लागतात, पण ती लिहिण्यासाठी सामाईक निष्पत्ती शोधावीच लागते. दुसऱ्या गणितात ही ओळ असती तर (४,४) समोर आली असती, आणि तिसऱ्यात ∅ लिहिल्यावर ०.१२ वजा करायला जागाच उरली नसती.